गर्जना आधी, गोल मागाहून

संध्याकाळचे सात वाजलेत. क्यू ब्रिज स्टेशनातून बाहेर पडलेल्या माणसांची रीघ स्टेडियमकडे सरकते आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे मफलर ब्रेंटफर्डचे, नुसते लाल लिव्हरपूलचे. डोक्यावरून हीथ्रोला उतरणारी विमानं चाकं काढून जातायत आणि कुणी मान वर करत नाही. मी गर्दीच्या उलट दिशेनं चाललोय, कारण माझ्याकडे तिकीट नाही. हातात पिशवी आहे, पिशवीत स्टीलचा डबा. परवा भाऊबीज झाली. हाउन्स्लोच्या घरी चिवडा उरलाय, शंकरपाळ्या उरल्यात, आणि बायकोनं बजावलंय, काही झालं तरी डबा परत आण.

स्टेडियमपासून तीनशे पावलांवर आमचा पब आहे. दार ढकललं की चष्म्यावर वाफ धरते. ती पुसेपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलावरून हाक येते. तिथे तिघं आधीच बसलेत. पहिले आजोबा. वय शहात्तर, जन्मभर लंडनची बस चालवली, त्यातली बरीच वर्षं 65 आणि 237 नंबरची. मी मनात त्यांना आजोबा म्हणायचो, एकदा तोंडातून निघून गेलं, अर्थ सांगावा लागला. तेव्हापासून ते नवख्यांना स्वतःची ओळख ‘आजोबा’ अशीच करून देतात, जोर भलत्याच अक्षरावर देऊन. दुसरे वेल्समधून आलेले गणिताचे मास्तर. तिसरा साउथॉलचा प्लंबर, सरदार; तो मला पाजी म्हणतो, मी त्याला पाजी म्हणतो, त्यामुळे तिसऱ्या माणसाचा गोंधळ होतो.

आजोबांकडे सीझन तिकीट आहे, पण आज ते नातीला दिलंय. गुडघे कुरकुरतायत आणि रात्रीचा गारठा आहे.

“शनिवारी रात्री आठ वाजता,” ते माझ्या डब्याचं झाकण स्वतःच उघडत म्हणतात. “ही काय फुटबॉलची वेळ झाली? ही चोरांची वेळ.”

तारीख 25 ऑक्टोबर 2025. इंग्लंडात फुटबॉल म्हणजे शनिवारी दुपारी तीन, हे आजोबांच्या पिढीचं पंचांग. ते बिघडवलं टीव्हीनं. 1992 साली प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचा करार 30 कोटी 40 लाख पाउंडांचा होता आणि लोकांनी तोंडात बोटं घातली होती. या हंगामापासून लागू झालेला देशांतर्गत करार चार वर्षांसाठी 670 कोटी पाउंडांचा आहे. हंगामातल्या 380 सामन्यांपैकी निदान 267 इथल्या टीव्हीवर थेट दिसणार, त्यातले सिंहाच्या वाट्याचे स्कायवर. एवढे सामने दाखवायचे तर ते एकाच वेळी खेळवून कसं चालेल? मग कुणी शनिवारी साडेबाराला, कुणी साडेपाचला, कुणी रात्री आठला, कुणी सोमवारी. गेल्या सोमवारी आमच्याकडे लक्ष्मीपूजन चाललं होतं आणि ब्रेंटफर्ड वेस्ट हॅमच्या मैदानावर 2-0 जिंकत होतं. आरती म्हणताना माझा एक डोळा कुठे होता ते बायकोनं पाहिलंय.

“लिव्हरपूलहून आलेल्यांनी परत कसं जायचं?” आजोबा विचारतात. सामना दहाच्या सुमारास संपेल, तोवर यूस्टनहून लिव्हरपूलची शेवटची गाडी सुटलेली असेल. “त्यात आज रात्री घड्याळं एक तास मागे. थांबा, पुढच्या वर्षी त्या जादा तासातसुद्धा एक सामना बसवतील.”

ग्लास गोळा करत आलेली मालकीणबाई हे ऐकते आणि तिथेच उभी राहते. तिचं दुखणं वेगळं. सामने दाखवायचे तर पबनं वाहिनीला द्यायची वर्गणी घरगुती वर्गणीसारखी नसते, जागेच्या करपात्र मूल्यावर ठरते. म्हणजे पब मोठा तर वर्गणी मोठी, मग आत चार माणसं बसोत की चाळीस. बरं, एवढे पैसे मोजूनही शनिवारी दुपारी तीनचा सामना दाखवता येत नाही. पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये कुठल्याच सामन्याचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, हा 1960च्या दशकापासूनचा नियम, खालच्या विभागांतल्या क्लबांची मैदानं ओस पडू नयेत म्हणून. हेतू चांगला आहे, याबद्दल आमच्या टेबलावर दुमत नाही. पण गंमत अशी की, ब्रेंटफर्डचा तीनचा सामना असला की या पबमध्ये बसून तो दिसत नाही, तीनशे पावलांवर चाललेला असूनही. आणि माझा पुतण्या मात्र कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरी, लोडाला टेकून, तो बघतो.

“म्हणजे मी तुझ्या पुतण्याच्या घरी जायला हवं,” मालकीणबाई म्हणते आणि मूठभर चिवडा उचलून जाते.

पाजी या सगळ्यात नाही. त्याचा फोन टेबलावर उताणा पडलाय आणि त्यावर आकडे बदलतायत. निकालाचे आकडे, पहिला गोल कोण करणार त्याचे आकडे, कॉर्नर किती होतील त्याचे. मग तो बोटानं एक वेगळंच पान उघडतो. पुढचा कुठला मॅनेजर जाणार, याचा सट्टा. इथे याला ‘सॅक रेस’ म्हणतात. मॅनेजरांची नावं घोड्यांसारखी एकाखाली एक.

“हंगामाच्या सुरुवातीला आपला कीथ इथे होता,” पाजी यादीच्या डोक्यावर नख टेकवतो.

कीथ म्हणजे कीथ अँड्र्यूज. जूनमध्ये थॉमस फ्रँक टॉटनमला गेला, आणि ब्रेंटफर्डनं त्याच्या जागी कुणाला आणावं? सेट-पीसच्या कोचला. कॉर्नर, फ्री-किक, लांब थ्रो-इन यांची तालीम घेणाऱ्या माणसाला. मुख्य कोच म्हणून त्यानं आयुष्यात एकही सामना हाताळलेला नव्हता. त्याच उन्हाळ्यात एम्बेमो मँचेस्टर युनायटेडला, विसा न्यूकॅसलला, कर्णधार नॉरगार्ड आर्सेनलला. पेपरवाल्यांनी ब्रेंटफर्डला खालच्या विभागात ढकलून दिलं, सट्टेवाल्यांनी कीथला रस्त्यावर आणलं. आज ऑक्टोबर संपत आलाय, आठ सामन्यांत दहा गुण आहेत आणि कीथ खुर्चीवर आहे.

गेले मात्र दुसरेच. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं सप्टेंबरात नुनोला काढलं आणि पोस्टेकोग्लूला आणलं. तो 39 दिवस टिकला. गेल्या शनिवारी चेल्सीकडून 3-0 हरल्यावर वीसेक मिनिटांत त्याला नारळ दिला. मंगळवारी शॉन डाइश आला. ऑक्टोबर संपायच्या आत एका क्लबचा तिसरा मॅनेजर! मधल्या काळात वेस्ट हॅमनं ग्रॅहम पॉटरला घालवलं आणि फॉरेस्टनं हाकललेल्या नुनोला उचललं.

“पूर्वी मॅनेजर गेला की पबमध्ये दोन गट पडायचे, भांडणं व्हायची,” आजोबा म्हणतात. “आता कुणी पोस्टेकोग्लूचं नाव काढलं की पोरं विचारतात, काय भाव मिळाला असता?”

“आज स्लॉटपण यादीत वर सरकलाय,” पाजी म्हणतो.

गेल्या एप्रिलमध्ये पहिल्याच वर्षी लिव्हरपूलला लीग जिंकून देणारा आर्ने स्लॉट. लीगमधले लागोपाठ तीन सामने हरलाय, एवढंच. बुधवारी फ्रँकफर्टला 5-1 हरवूनही त्याचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

इथे आजोबांची गाडी जुन्या रस्त्याला लागते. फ्रँक 2018 साली ब्रेंटफर्डचा मुख्य कोच झाला तेव्हा पहिल्या दहांतले आठ सामने हरला होता. आठ! दुसऱ्या कुठल्याही मालकानं त्याला नाताळाआधी घरी बसवलं असतं. पण या मालकाचा हिशेब निराळा. तो धावफलकापेक्षा संधी मोजतो: किती जागा निर्माण केल्या, कुठून फटके मारले, त्यांतून किती गोल व्हायला हवे होते. त्या हिशेबात फ्रँकचं काम ठीक चाललं होतं, म्हणून फ्रँक राहिला. अडीच वर्षांनी, 29 मे 2021 रोजी वेम्बलीवर स्वान्सीला 2-0 हरवून ब्रेंटफर्ड 74 वर्षांनंतर पहिल्या विभागात आलं. हाच हिशेब उलटाही चालतो. 2015 मध्ये मार्क वॉरबर्टन संघाला बढतीच्या उंबरठ्यावर घेऊन गेला होता, तरी हंगाम संपला की त्यानं जायचं, हे फेब्रुवारीतच ठरलं. त्याच्यानंतर आणलेला डच कोच नऊ सामन्यांत गेला.

हा मालक कोण? मॅथ्यू बेनम. ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र शिकला, बँकेत नोकरी केली, मग टोनी ब्लूमच्या हाताखाली सट्ट्याचं गणित शिकला. तोच ब्लूम पुढे ब्रायटनचा मालक झाला. 2004 मध्ये बेनमनं स्मार्टऑड्स काढली. सामन्यांच्या निकालांची संख्याशास्त्रीय भाकितं करायची आणि मोठ्या पैजा लावणाऱ्यांना सल्ला विकायचा, हा तिचा धंदा. क्लबचा फुटबॉल संचालक फिल जाइल्स हाही संख्याशास्त्रातला डॉक्टर, पूर्वी तिथेच होता. म्हणजे ज्या पैशातून ब्रेंटफर्ड वर आलं तो सट्ट्याच्या बाजारात कमावलेला. आणि बेनम लहानपणापासून ब्रेंटफर्डचा चाहता, हेही तितकंच खरं.

“बादली घेऊन फिरलोय मी,” आजोबा म्हणतात. क्लब बुडीत निघाला होता, तेव्हा सामन्याला आलेल्या लोकांसमोर बादल्या धरून चाहत्यांनी नाणी गोळा केली. 2002 मध्ये नव्या मैदानासाठी चाहत्यांनी स्वतःचा पक्ष काढून पालिकेची निवडणूक लढवली, एक जागा जिंकलीसुद्धा. 2006 मध्ये चाहत्यांच्या संस्थेनं क्लबच ताब्यात घेतला. “पण बादलीत किती येणार? चिल्लर. पुढे बेनमनं कर्ज दिलं, 2012 मध्ये क्लब घेतला. मी त्याला वाईट म्हणणार नाही. माझं मैदान त्यानं बांधलं.” ते थांबतात. “जुनं जास्त चांगलं होतं.”

जुनं म्हणजे ग्रिफिन पार्क. चार कोपऱ्यांवर चार पब असलेलं. आता तिथे घरं आहेत.

आठला दहा कमी. पडद्यावर खेळाडू बोगद्यात उभे आहेत आणि ब्रेंटफर्डच्या अंगरख्यावर छातीवर ठसठशीत अक्षरांत हॉलीवुडबेट्स. दक्षिण आफ्रिकेची सट्टा कंपनी. प्रीमियर लीगच्या वीसांपैकी अकरा संघांच्या छातीवर या वर्षी अशीच नावं आहेत. या हंगामानंतर ती निघणार. क्लबांनी 2023 मध्ये आपणहून तसं कबूल केलंय. छातीवरून निघणार, बाहीवर चालेल, मैदानाभोवतीच्या चमकत्या पाट्यांवर चालेल.

“माझ्या नातीचा शर्ट बघितलायस?” आजोबा मला विचारतात. बघितलाय. अकरा वर्षांच्या मुलीच्या मापाचा, छाती कोरी. लहान मापाच्या शर्टांवर सट्ट्याचं नाव छापायला बंदी आहे. पोरगी तक्रार करते की तिचा शर्ट खोटा दिसतो, खऱ्या खेळाडूसारखा नाही.

मग आयव्हन टोनी निघतोच. या टेबलावर तो निघाला नाही असा शनिवार मला आठवत नाही. ब्रेंटफर्डचा त्या वेळचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर. मे 2023 मध्ये पैजेचे नियम 232 वेळा मोडले म्हणून त्याला आठ महिने खेळायला बंदी आणि 50,000 पाउंड दंड. त्याला जुगाराचं व्यसन असल्याचं चौकशीत तज्ज्ञानं सांगितलं. छातीवर सट्टा कंपनीचं नाव, क्लबचा मालक सट्ट्याच्या गणितातून आलेला, आणि शिक्षा पोराला. पण नियम नियमच, मास्तर म्हणतात, खेळाडूनं जगात कुठेही फुटबॉलवर पैज लावायची नाही. त्यानं तेरा पैजा तर आपलाच क्लब हरेल म्हणून लावल्या होत्या, त्या सामन्यांत तो स्वतः खेळत नव्हता तरी.

“तेरा?” आजोबा खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवतात. “माझ्या दीड-दोनशे झाल्या असतील.”

हायस्ट्रीटवरच्या दुकानातली पावती आहे. पाच पाउंड, लिव्हरपूल जिंकणार. आजोबा दर सामन्याला ब्रेंटफर्डच्या विरुद्ध पाच पाउंड लावतात. हरलो तर निदान पुढच्या बिअरचे पैसे सुटतात, जिंकलो तर पाच पाउंड गेल्याचं दुःख कुणाला होतंय? आज पाचाचे सव्वानऊ मिळतील.

मास्तर पावती हातात घेऊन उलटीसुलटी करतात. मग बिअरचा पुठ्ठा ओढून पेनानं लिहायला लागतात. वर्गात लिहीत असतील तसंच, मोठ्या अक्षरांत. ब्रेंटफर्ड जिंकेल, चौपट: म्हणजे दुकानाच्या मते शंभरात पंचवीस. बरोबरी, चौपट: आणखी पंचवीस. लिव्हरपूल, 1.85: चोपन्न. खाली रेघ. बेरीज एकशे चार.

“शंभरात चार जास्तीचे कुठून आले?” ते पाजीकडे बघून विचारतात.

“दुकानदाराचे,” पाजी म्हणतो. त्याला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत असतं.

“आणि तू एका कुपनावर पाच सामने जोडतोस, तेव्हा ते चार पाच वेळा एकमेकांवर चढतात.”

मास्तरांकडे साधा बटणांचा फोन आहे. मला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस. मार्चमध्ये एकदा मी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की गॅमस्टॉपमध्ये त्यांनी स्वतःचं नाव पाच वर्षांसाठी नोंदवलंय. त्यात नाव घातलं की देशातल्या कुठल्याही परवानाधारक ऑनलाइन कंपनीत खातं चालत नाही. एवढंच बोलले आणि ग्लास भरायला उठले. त्यांना बेरीज आधीपासून येत होतीच की.

आठ वाजले, सामना सुरू.

आता या पबची खरी करामत. टीव्हीवरचं चित्र मैदानातल्या घटनेच्या काही सेकंद मागे असतं. स्टेडियम तीनशे पावलांवर, त्यामुळे आवाज थेट येतो. इथे गोल आधी ऐकू येतो, मग दिसतो. पाचव्या मिनिटाला पडद्यावर कायोडे थ्रो-इनसाठी चेंडू टॉवेलनं पुसतोय, आणि भिंतीपलीकडून अंगावर यावी अशी गर्जना येते. पब उठून उभा राहतो, कुणाच्या बिअरला धक्का लागतो, आणि पडद्यावर कायोडे अजून चेंडू पुसतोच आहे. मग तो फेकतो, आयरच्या डोक्याला लागून चेंडू मागे जातो, वाटारा हवेतच फटकावतो. 1-0. आम्ही दुसऱ्यांदा ओरडतो.

“लांब थ्रो,” आजोबा टेबलावर मूठ आपटतात. “सेट-पीस! त्या सेट-पीसच्या कोचला हसत होते!”

पण पाजी ओरडलेला नाही. त्यानं मला फोन दाखवला. तिथे सगळे आकडे राखाडी झालेत, कुलूप लागलंय. आणि ते गर्जनेच्याही आधी लागलं होतं, तो शपथेवर सांगतो. मैदानात आकडेवारीचा माणूस बसलेला असतो. धोक्याची जागा दिसली की तो बटण दाबतो, तिकडे बाजार थांबतो. सामना चालू असताना पैजा घेणाऱ्या कंपन्या त्या माणसाच्या डोळ्यांवर जगतात. नाहीतर या पबमध्ये बसून, गर्जना ऐकून, टीव्ही बघणाऱ्या जगाला कुणीही लुटलं असतं. पूर्वी तसं करायचेही. मैदानातून फोन लावून कुणाला तरी कळवायचे, भाव बदलायच्या आत पैसे टाकायचे.

म्हणजे कुलूप आधी, मग गर्जना, मग चित्र. आणि सगळ्यात शेवटी माझा पुतण्या. कोल्हापुरात रात्रीचे साडेबारा वाजून गेलेत, तो मोबाइलवर बघतोय, आमच्या टीव्हीच्याही मागे. त्याचा मेसेज येतो: ‘काका गप बसा काय बी सांगू नका आमच्यात अजून शून्य शून्य हाय’. मी फोन उलटा ठेवतो. थोड्या वेळानं तो थरथरतो. ‘लई भारीऽऽ’.

या पोरानं गेल्या ऑगस्टपर्यंत मोबाइलवर संघ लावून पैसे टाकले होते. मग केंद्रानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ते ॲप गुंडाळलं गेलं. वहिनीनं देवाला साखर ठेवली. आमच्या लहानपणी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील संघाविरुद्ध कुणीही असलं तरी पैज मिसळीची असायची. हरणाऱ्यानं खिलवायचं आणि जिंकणाऱ्यानं जादा कट मागून त्याचा जीव काढायचा. ते फार निरागस होतं असं मी म्हणणार नाही. मिसळीपायी डोकी फुटलेली मी बघितलीत. पण कोण हरलं ते समोर दिसायचं, त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा.

मध्यंतराच्या तोंडाशी शाडे मोकळा सुटतो, 2-0. लगेच भरपाईच्या वेळात केरकेझ एक फेडतो, 2-1. या वेळी भिंतीपलीकडून येणारा आवाज बारीक असतो, एका कोपऱ्यातला, पाहुण्यांचा. पडद्यावर काही दिसायच्या आत आजोबा म्हणतात, “खाल्ला आपण.” आवाजाच्या जाडीवरून त्यांना कळतं.

मध्यंतरात मालकीणबाई भजी म्हणून जे आणते त्याला मी काही म्हणत नाही. पैशांचा विषय परत निघतो. मास्तर सांगतात, टीव्हीचे पैसे वाटण्याची पद्धत इतर देशांच्या मानानं बरी आहे. देशांतर्गत रकमेचा अर्धा भाग सगळ्यांना समान, पाव भाग किती सामने दाखवले त्यावर, पाव भाग कितव्या नंबरवर संपलात त्यावर. गेल्या वर्षी तळाला गेलेल्या क्लबलाही सगळं मिळून 10 कोटी पाउंडांहून जास्त मिळाले. सतरा हजार अडीचशे खुर्च्यांच्या या मैदानाला तिकिटांवर तेवढं जमवायला किती हंगाम लागतील?

“म्हणून तर मॅनेजरला तीन सामनेसुद्धा देत नाहीत,” पाजी म्हणतो. खाली गेलात तर एवढी रक्कम बुडते. त्यापुढे एका माणसाला काढण्याची भरपाई म्हणजे किस झाड की पत्ती.

“आणि तू रात्री आठला आलास म्हणून ती रक्कम मिळते,” मास्तर आजोबांना म्हणतात.

आजोबा एक शंकरपाळी तोंडात टाकतात, सावकाश चावतात. “मी रात्री आठला आलो नाही. मी सहापासून इथेच आहे.”

साठावं मिनिट. पाजीच्या फोनला कुलूप. आम्ही कान देतो. गर्जना नाही. पडद्यावर व्हॅन डाइक वाटाराला पाडतो, पंच बॉक्सच्या बाहेर फ्री-किक देतात. कुलूप तसंच. भिंतीपलीकडे शांतता, अशी की विमान ऐकू येतं. सतरा हजार माणसं तिकडे उभी आहेत आणि आम्ही इकडे, सगळे मिळून कुठल्याशा खोलीत बसलेल्या व्हीएआरवाल्याची वाट बघतोय. आणि मग गर्जना. पेनल्टी! चित्रात पंचांनी कानावर हात ठेवलाय. दुसरी गर्जना. थियागो अजून चेंडू ठेवतोय, पण त्यानं मारलाय आणि आत गेलाय हे आम्हाला केव्हाच कळलंय. 3-1.

मी पुतण्याला काही कळवत नाही. बोटं शिवशिवतायत.

शेवटची पंचवीस मिनिटं टेबलावर कुणी बोलत नाही. बिअर कोमट होते. एकोणनव्वदाव्या मिनिटाला पाहुण्यांच्या कोपऱ्यातून तो बारीक आवाज पुन्हा येतो. आजोबा डोळे मिटून घेतात. सालाह. 3-2. पाजी फोन टेबलावर उलटा घालतो. त्यानं बरोबरीवर काहीतरी लावलंय, हे त्याच्या गुडघ्याच्या हालण्यावरून मला कळतं. बरोबरी झाली तर त्याचे पैसे येणार, पण संघाचे दोन गुण जाणार. आपण नक्की कशाची वाट बघतोय हे त्याचं त्याला तरी ठाऊक आहे का, देव जाणे. भरपाईची मिनिटं संपता संपत नाहीत.

आणि मग भिंत हादरते. टीव्हीवरचा पंच अजून घड्याळ बघतोय.

लिव्हरपूल लीगमध्ये लागोपाठ चौथ्यांदा हरलं. पाजीनं किती घालवले ते तो सांगत नाही, मास्तर विचारत नाहीत. पाजी उठून मास्तरांना मिठी मारतो आणि पंजाबीत काहीतरी ओरडतो ते मला लिहिता येणार नाही. कुणीतरी ‘हे ज्यूड’ सुरू करतं, ब्रेंटफर्डचं जिंकल्यावरचं गाणं. बाहेरून तेच येतंय, आमच्यापेक्षा अर्ध्या ओळीनं पुढे.

सव्वादहाला आजोबांची नात येते. गाल लाल, घसा बसलेला, कोरा शर्ट जॅकेटवरून चढवलेला. “आजोबा,” ती त्यांना म्हणते, तिला वाटतं ते त्यांचं टोपणनाव आहे, “तुम्ही बघितलं का कायोडेनं काय केलं?”

“ऐकलं,” आजोबा म्हणतात.

बाहेर पदपथावर लिव्हरपूलचा एक बाप मुलाला खांद्यावर टाकून उभा आहे. पोरगा झोपलाय, एक बूट सुटायला आलाय. मला विचारतो, बसगाड्या कुठे लावल्यात? मला माहीत नाही. आजोबांना माहीत आहे. जन्म गेलाय त्यांचा या रस्त्यांवर. ते हातवारे करून सांगतात, मग सांगणं सोडून त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जातात, गुडघा धरून. परत येताना मला थांबवतात आणि पिशवीतून डबा मागून घेतात.

“पाजी म्हणतो, तुमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत.”

प्लॅटफॉर्मवर मी झाकण उघडून बघतो. खारवलेल्या शेंगदाण्यांचं एक पाकीट, कढीपत्त्याची चार पानं राहिलेली, आणि घडी घातलेली पाच पाउंडांची पावती, लिव्हरपूल जिंकणार म्हणणारी. फोन थरथरतो. पुतण्या विचारतोय, ‘काका, आता पुढची मॅच कधी हाय?’ मी वेळापत्रक शोधायला लागतो. टीव्हीवाल्यांनी परत काय हलवलंय, ते आधी बघायला हवं.